जुना सदरा किती खोल उसवायचा?

शर्टाच्या कॉलरच्या आत शिवलेली लहानशी पट्टी मानेला टोचते म्हणून आपल्यापैकी अनेकजण ती पहिल्याच दिवशी कापून टाकतात. 'सुती ६० टक्के, पॉलिएस्टर ४० टक्के' अशी एखादी ओळ तिच्यावर असते, आणि शर्ट अंगावर असेपर्यंत इस्त्री किती गरम ठेवायची यापलीकडे त्या ओळीचा काही उपयोग होत नाही. मात्र तोच शर्ट विटला, फाटला किंवा नकोसा झाला की त्याचे पुढे काय करता येईल हे प्रामुख्याने त्या ओळीवरच ठरते. जुन्या कपड्यांपासून नवे कापड बनवण्याचे तंत्र समजून घ्यायचे असेल, तर आधी कपडा म्हणजे नेमके काय हे पाहावे लागते.

सुती सदरा उसवायला घेतला तर शिवण निघते आणि कापडाचे तुकडे हाती येतात. कापड उकलले की ताण्याबाण्याचे सूत मिळते. सुताचा पीळ सोडवला की त्यातून कापसाचे तंतू सुटतात, आणि तंतूच्याही आत पाहिले तर सेल्युलोज नावाच्या पदार्थाच्या लांबच लांब साखळ्या आढळतात. कपड्याचे पुनर्चक्रीकरण करायचे म्हणजे या उतरंडीवरून खाली उतरायचे आणि पुन्हा वर चढायचे. कोणी एकच पायरी उतरतो, कोणी थेट तळाशी जातो. जितके खाली जावे तितका मिळणारा माल नव्याच्या जवळ जातो; पण तितकाच खर्च वाढतो, आणि मूळ माल अधिक शुद्ध असावा लागतो. या विषयातील बहुतेक यशापयशाचे मूळ या एका देवघेवीत आहे.

पहिली पायरी आपल्या घराघरांत पूर्वापार उतरली गेली आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी किंवा वाकळ हे कापडाच्या पातळीवरचे पुनर्चक्रीकरणच होय. त्यात सूत मोडले जात नाही, ऊर्जा लागते ती फक्त शिवणाऱ्या बाईच्या हातांची, आणि वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती कापड नव्या कापडापेक्षा अंगाला अधिक सुखाचे लागते. गॅरेजमध्ये मेकॅनिक हात पुसतो त्या चिंध्या, दारातले पायपुसणे, भांडी देऊन जुने कपडे नेणाऱ्या बोहारणीच्या बोचक्यातून निघून पुन्हा बाजारात विकले जाणारे धडके कपडे, हे सगळे याच पायरीवरचे. बोहारीण कपडा हातात घेऊन, ताणून, उजेडाकडे धरून जी किंमत ठरवते, ती प्रतवारी किती महत्त्वाची असते हे पुढे कळेलच. खऱ्या जरीची जुनी साडी विकत घेणारे तर कापडाकडे पाहतच नाहीत. त्यांना त्यातली चांदी हवी असते.

दुसऱ्या मोठ्या पायरीचा, म्हणजे कापड फाडून पुन्हा तंतू करण्याचा, कारखानी इतिहास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात सुरू होतो. १८१३ च्या सुमारास बॅटली या गावातील बेंजामिन लॉ याने लोकरीच्या जुन्या चिंध्या यंत्रात पिंजून त्यांत थोडी नवी लोकर मिसळली आणि तिचे सूत काढले. या मालाला 'शॉडी' हे नाव पडले. विणलेले स्वेटर, मोजे यांसारखे सैल कापड सहज उकलत असे. घट्ट विणीच्या कोटाच्या कापडासाठी पुढच्या दोन-तीन दशकांत वेगळी पद्धत निघाली आणि त्या अधिक आखूड तंतूंच्या मालाला 'मंगो' म्हणू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सुरुवातीला, १८६१ साली, घाईघाईने पुरवलेले शॉडीचे गणवेश सैनिकांच्या अंगावरच विरू लागले, आणि तेव्हापासून इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'हलक्या प्रतीचा, भिकार' असा झाला. एका कापडाच्या नावाची अशी बदनामी व्हावी, यात थोडा अन्याय आहे. दोष कापडाचा कमी आणि कंत्राटदारांचा अधिक होता.

आज शॉडीचे नाव काढले की हरियाणातील पानिपत डोळ्यांपुढे येते. मराठी माणसाला पानिपत म्हटले की १७६१ आठवते आणि 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारही. पण जगभरच्या कापड व्यवसायात हे शहर टाकून दिलेल्या कपड्यांची राजधानी म्हणून ओळखले जाते. युरोप, अमेरिका आणि इतर थंड देशांतील जुने कोट, स्वेटर, शाली गाठोड्यांत बांधून गुजरातमधील कांडला यांसारख्या बंदरांत उतरतात. चिंध्या म्हणून आणलेला हा माल पुन्हा अंगात घालण्याजोगा म्हणून विकला जाऊ नये, यासाठी तो आधीच कापून, फाडून आणावा असा सीमाशुल्काचा नियम आहे. म्हणजे एखाद्या धडधाकट कोटाला भारतात प्रवेश मिळवण्यासाठी आधी फाटून घ्यावे लागते.

पानिपतच्या गोदामांत बहुतांश स्त्रिया जमिनीवर बसून, विळीसारख्या उभ्या पात्यावर हे कपडे चिरतात. बटणे, चेन, अस्तर, खांद्यातला फोम आणि शिवणीचे जाड भाग काढले जातात. त्यानंतर येते रंगांची प्रतवारी, आणि या धंद्यातली खरी हुशारी तिथेच आहे. लाल कपड्यांचा वेगळा ढीग, निळ्यांचा वेगळा, करड्यांचा वेगळा, असे ढीग लावले की लाल ढिगातून लालच सूत निघते आणि त्याला पुन्हा रंगवावे लागत नाही. रंगकाम हा कापड व्यवसायातील सर्वाधिक पाणी आणि रसायने खाणारा टप्पा असल्यामुळे, तो वगळला जाणे ही पर्यावरणाच्या दृष्टीने मोठी बचत ठरते. इटलीतील प्रातो या शहरातही लोकरीच्या चिंध्यांचा असाच जुना उद्योग आहे, आणि तिथल्या वेचणाऱ्यांचेही भांडवल तेच, म्हणजे रंग आणि पोत क्षणात ओळखणारी नजर.

चिंध्या पुढे दात्यांच्या यंत्रात जातात. वेगाने फिरणाऱ्या रुळावर हजारो पोलादी दाते असतात. ते कापड ओरबाडून त्याचे आधी तुकडे, मग सूत आणि अखेरीस तंतू सुटे करतात. तंतू कमी तुटावेत म्हणून लोकरीच्या चिंध्यांना आधी तेलाचा हात देतात. पिंजलेला माल कातून जाड सूत निघते आणि त्याची घोंगडीवजा ब्लँकेटे विणली जातात. भूकंप, पूर किंवा युद्धातील विस्थापितांना मदत म्हणून वाटली जाणारी करडी-तपकिरी ब्लँकेटे अनेक वर्षे मोठ्या संख्येने पानिपतहून जात असत. अलीकडच्या काळात मात्र हलक्या, मऊ आणि स्वस्त पॉलिएस्टर ब्लँकेटांनी ही बाजारपेठ बरीचशी गिळली असून पानिपतच्या अनेक कारखानदारांनी स्वतःच त्यांची यंत्रे बसवली आहेत. जुन्या लोकरीचे पुनर्चक्रीकरण करणारे शहर नव्या प्लास्टिकच्या ब्लँकेटांकडे वळले, हा विरोधाभास असला तरी गिऱ्हाइकाच्या हिशेबात तो चूक नाही. या उद्योगाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. दात्यांच्या यंत्राभोवती तंतूंची बारीक धूळ सतत उडत असते, आणि कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार जडू शकतो, ज्यात सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती भरून येते.

लोकरीला जे साधले ते कापसाला का साधत नाही, या प्रश्नाचे उत्तर लांबीत आहे. सुतात कोणताही डिंक नसतो. नारळाच्या काथ्याचे वीतभर तुकडे पीळ दिल्यावर एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचा हवा तितका लांब दोर वळता येतो. सुताचेही तसेच आहे. शेजारच्या तंतूंशी होणारे घर्षण हेच त्याचे बळ, आणि तंतू जितका लांब तितकी ही पकड घट्ट. लोकरीचा तंतू मुळातच लांब असतो, त्यामुळे तो तुटून निम्मा झाला तरी कातण्याजोगा उरतो. कापसाचे तसे नाही. विदर्भ-मराठवाड्यातील जिनिंगवाले 'धागा किती लांबीचा' हे विचारूनच भाव ठरवतात, आणि तिथला चांगला कापूसही साधारण २८ ते ३० मिलिमीटरांचा असतो. सूतगिरणीच्या भाषेत १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून छोटा तंतू 'आखूड' समजला जातो. आधीच वापरून झिजलेले सुती कापड दात्यांतून काढल्यावर मोठा भाग या मर्यादेच्या आसपास किंवा खाली येतो. त्यापासून बारीक, मऊ सूत निघत नाही; अधिक पीळ द्यावा लागतो, सूत जाड आणि खरखरीत होते, आणि म्हणूनच असे सूत सतरंज्या, फडकी, हातमोजे, पडदे किंवा जाड डेनिम यांच्याकडे वळते. टी-शर्टासाठी ते वापरायचे तर त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळणे भाग पडते. 'पुनर्चक्रित सुती' अशी चिठ्ठी लावलेल्या कपड्यात पुनर्चक्रित भाग अनेकदा थोडाच का असतो, याचे कारण कंपनीची लबाडीच असेल असे नाही, भौतिकशास्त्रही असते.

याच कारणामुळे कारखान्यांतील कतरण घरातल्या जुन्या कपड्यांपेक्षा कितीतरी अधिक मोलाची असते. तमिळनाडूतील तिरुपूरच्या होजिअरी कारखान्यात बनियन कापताना उरलेला तुकडा कोरा असतो, धुतलेला-झिजलेला नसतो, त्यात काय आहे हे ठाऊक असते आणि एकाच रंगाचे पोतेच्या पोते भरते. भारतात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापड-कचरा तयार होतो, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला होता. त्यातील निम्म्याहून किंचित जास्त भाग घरांतून आणि सुमारे दोन-पंचमांश भाग कारखान्यांतून येतो. दुसऱ्या भागाला गिऱ्हाईक पूर्वीपासून आहे. खरी अडचण आहे ती पहिल्याची.

सुतासाठी निकामी ठरलेला आखूड तंतू दुसरीकडे मात्र वरदान ठरतो. कागदाला आखूड तंतूच हवा असतो, आणि पुण्यात शिवाजीनगरला असलेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी पांढऱ्या सुती कतरणीचा लगदा करून सुंदर, टिकाऊ कागद केला जातो. आपल्या खिशातल्या नोटाही लाकडाच्या नव्हे, तर शंभर टक्के कापसाच्या कागदावर छापलेल्या असतात. चुकून धुण्यात गेलेली नोट विरघळत नाही ती त्यामुळेच. याहून खालच्या प्रतीचा माल दाबून, सुयांनी टोचून त्याचे नमद्यासारखे थर करतात आणि ते मोटारींच्या अंतर्भागात, गाद्यांत, भिंतींच्या उष्णतारोधकात भरले जातात. याला पुनर्चक्रीकरण म्हणावे का, हा वाद आहे. माझ्या मते म्हणावे, पण एका अटीवर: गादीत गेलेला शर्ट पुन्हा शर्ट होणार नाही हे सांगून.

लांबीचा हा प्रश्न सोडवण्याचा एकच मूलगामी उपाय आहे, तो म्हणजे तंतूही मोडून थेट त्याच्या साखळ्यांपर्यंत उतरणे. कापूस आणि लाकूड यांच्यात एक जवळचे नाते आहे: दोन्हींचा मुख्य घटक सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवलेली माळ. व्हिस्कोस हे कापड लाकडाच्या लगद्यापासून होते. त्या लगद्याचे दाट द्रावण करून ते सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून दाबतात. शेवेच्या सोऱ्यातून पीठ दाबावे तसे अखंड तंतू बाहेर पडतात आणि ते हव्या त्या लांबीचे कापता येतात. मग लाकडाच्या जागी जुने सुती कपडे का घेऊ नयेत? इथे झीजच कामाला येते. ताज्या कापसात एका माळेत हजारो मणी असतात. द्रावणासाठी मात्र काही शेकड्यांचीच माळ लागते. धुऊन, उन्हात वाळवून, ब्लीच करून माळा आधीच तुटलेल्या असतात, म्हणजे यंत्रातल्या पिंजण्याला जो दोष आडवा येतो तोच इथे निम्मे काम करून ठेवतो. व्हिस्कोसच्या जुन्या पद्धतीत कार्बन डायसल्फाइड हे विषारी द्रव्य वापरावे लागते. लायोसेल या नंतरच्या पद्धतीत त्याची गरज नसते आणि वापरलेला द्रावक जवळजवळ सगळा परत मिळवता येतो.

या मार्गाचे सर्वांत मोठे धाडस स्वीडनमध्ये झाले. तिथल्या रिन्यूसेल या कंपनीने २०२२ साली सुंडस्वाल येथे जुन्या सुती कपड्यांपासून लगदा बनवणारा, वर्षाला ६० हजार टन क्षमतेचा कारखाना सुरू केला. लगदा चांगला होता, त्यापासून कपडेही झाले. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, कारण पुरेशी मागणी आली नाही. मोठमोठे ब्रँड व्यासपीठावरून कौतुक करत होते. परंतु ब्रँड लगदा विकत घेत नसतो. तो घेते तंतू बनवणारी गिरणी, तिच्याकडून सूत घेते सूतगिरणी, मग विणणारा, मग शिवणारा, आणि या साखळीतील प्रत्येकजण लाकडाच्या स्वस्त लगद्याशी भाव ताडून पाहतो. त्याच वर्षी नव्या मालकाने रिन्यूसेल विकत घेतली आणि तिच्या लगद्याच्या 'सर्क्युलोज' या नावानेच ती पुन्हा उभी राहिली. तंत्र जमले आणि बाजार जमला नाही, असे या क्षेत्रात वारंवार घडते.

पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी आहे. पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचेच प्लास्टिक, तंतूच्या रूपात. ते सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून वितळवून पुन्हा तंतू काढणे सोपे वाटते; पण रंग, मळ आणि इतर धाग्यांचे अवशेष त्यासोबत वितळतात आणि तंतू कमकुवत निघतो. म्हणून कपड्यांऐवजी स्वच्छ, रंगहीन बाटल्या वापरल्या जातात. आज जगात विकले जाणारे पुनर्चक्रित पॉलिएस्टर जवळजवळ सगळे बाटल्यांचे असते, जुन्या कपड्यांचे नव्हे. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती. तिचा टी-शर्ट झाला की तो रस्ता बहुधा तिथेच संपतो. अशा टी-शर्टावर पर्यावरणाचे हिरवे पान छापलेले पाहिले की ते पान कोणाच्या खात्यात जमा करावे, असा प्रश्न पडतो.

खऱ्या अर्थाने पॉलिएस्टरच्या कपड्यापासून पॉलिएस्टरचा कपडा करायचा, तर इथेही साखळी तोडून मूळ घटकांपर्यंत जावे लागते. ग्लायकॉल किंवा मिथेनॉल यांच्यासह तापवून ती तोडता येते, घटक शुद्ध करता येतात आणि नव्या मालाशी तुल्य पॉलिएस्टर बनवता येते. जपानमध्ये हे काम बऱ्याच वर्षांपूर्वी सुरू झाले. त्याच देशातील साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्चक्रीकरण केंद्राजवळच्या मातीत हे प्लास्टिक पचवणारा एक जीवाणू सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले, आणि २०२० साली फ्रेंच संशोधकांनी सुधारित विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने दहा तासांत ९० टक्के प्लास्टिकचे विघटन करून दाखवले. मात्र कपड्याचा धागा खेचून बनवलेला असल्यामुळे त्यातील साखळ्या शिस्तीत, घट्ट रचलेल्या असतात आणि विकराला त्यांत शिरता येत नाही. म्हणून तो आधी वितळवून, झटकन गार करून ती शिस्त मोडावी लागते.

आता त्या पट्टीवरच्या ओळीकडे परत येऊ. सुती आणि पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड टिकाऊ, न चुरगळणारे आणि स्वस्त असते, आणि पुनर्चक्रीकरणासाठी तेच सर्वांत अवघड. दोन्ही धागे पिंजताना वेगळे होत नाहीत, तेव्हा रसायनाने एकाला विरघळवून दुसऱ्याला राखावे लागते. यामागील कल्पना जुनीच आहे: लोकरीतील सुती धागे आणि काडीकचरा काढण्यासाठी त्यावर आम्लाचा प्रयोग करून तापवतात, सेल्युलोज ठिसूळ होऊन भुकटीसारखे झडते आणि लोकर शाबूत राहते. मिश्र कापडातही सौम्य आम्ल, पाणी आणि उष्णता वापरून कापसाची भुकटी करता येते व पॉलिएस्टर तंतूरूपात वाचवता येते. पण इस्पितळे आणि हॉटेले यांच्या चादरींसारखा एकसारखा, पांढरा, मोठ्या प्रमाणात मिळणारा माल असेल तरच हा हिशेब जमण्याची आशा असते. जीन्समध्ये दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असला तरी तो दात्यांवर गुंडाळतो, यंत्र अडवतो आणि रासायनिक द्रावणातही घाण करतो. अंगाला सुखावणारी ती लवचिकता पुनर्चक्रीकरणाला भारी पडते.

त्यामुळे सारा प्रश्न फिरून प्रतवारीपाशी येतो. रंग डोळ्यांना दिसतो. धागा कशाचा आहे हे अनुभवी बोटांना बरेचसे कळते, पण मिश्रणाची टक्केवारी कळत नाही. प्रत्येक पदार्थ अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश वेगळ्या रीतीने परावर्तित करतो, या गुणाचा उपयोग करून कापड ओळखणारी यंत्रे आता निघाली आहेत; स्वीडनमधील माल्मो येथे पट्ट्यावरून सरकणारे कपडे ती आपोआप वेगवेगळ्या खणांत टाकतात. मात्र गडद काळा रंग बराचसा प्रकाश शोषून घेतो आणि अस्तर लावलेल्या जाकिटाचा फक्त वरचा थर यंत्राला दिसतो. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापड-कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांवर बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे नवी मुंबई महानगरपालिकेने बेलापूरला जुन्या कापडासाठी वेगळे संकलन व प्रतवारी केंद्र उभे केले आहे. ओल्या कचऱ्यात भिजलेली साडी कोणत्याही यंत्राच्या उपयोगाची राहत नाही, म्हणून ती कोरडी आणि वेगळी मिळणे हीच पहिली गरज असते.

पट्टीवर 'शंभर टक्के सुती' लिहिलेले असले तरी आणखी एक पेच उरतोच: असा शर्टही बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असतो आणि त्या ओळीत शिवणीचा दोरा मोजलेला नसतो. बेल्जियममधील रिसॉर्टेक्स या कंपनीने ठरावीक तापमानाला वितळणारा शिवणदोरा तयार केला आहे. त्याने शिवलेला कपडा खास भट्टीतून काढला की बाही, कॉलर, खिसा, बटणपट्टी आपोआप सुटी होतात, आणि पानिपतच्या गोदामात विळीवर चिरावी लागणारी शिवण हात न लावता उसवते. अर्थात त्यासाठी तो शर्ट शिवतानाच हा दोरा सुईत ओवलेला असावा लागतो.